नागपुरात मृत्युपत्रासाठी वकील: विचारायचं काय, तपासायचं काय

अजनीकर
मृत्युपत्र, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र यांसाठी नागपुरात वकील कोण चांगला, असा प्रश्न इथे वारंवार येतो. दोन-तीन नावं पडतात आणि धागा थांबतो. या धाग्यावर नावं नकोत. निवडायचं कसं, तेवढंच लिहू या.

माझं म्हणणं आधी मांडतो. मृत्युपत्र लिहून देणारा शोधू नका. मृत्युपत्र कोर्टात सिद्ध केलेला किंवा पाडलेला वकील शोधा. मसुदा तासाभरात होतो. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर टेबल टाकून बसलेला दस्तलेखकही जुना नमुना काढून नावं बदलून देतो. पण त्या कागदाची परीक्षा होते दहा-वीस वर्षांनी, करणारा माणूस हयात नसताना. ज्यानं साक्षीदारांची उलटतपासणी घेतली आहे, त्याला कागद नेमका कुठे फाटतो ते ठाऊक असतं. तो मसुदा करतानाच तिथे टाका घालतो.

हे तपासता येतं. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर नागपूर जिल्हा निवडून वकिलाच्या नावानं प्रकरणं शोधता येतात. वाटणीचे दावे, उत्तराधिकार प्रमाणपत्र, प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला), मृत्युपत्रावरून चाललेले दिवाणी दावे दिसतात का ते बघा. नुसते चेक न वटल्याचे आणि अपघात भरपाईचे खटले दिसले, तर तो वकील त्या कामात निष्णात असेल, पण हे काम वेगळं आहे.

सनदेचा क्रमांकही विचारा. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलचा क्रमांक ‘एमएएच’नं सुरू होतो, पुढे आकडा आणि वर्ष. वकीलपत्रावर तो असतोच, त्यामुळे विचारण्यात अपमान काही नाही.

सातबारा
अजनीकरांचं बरोबर, पण नागपुरात आणखी एक चाळणी लावा: वकिलाला इथली जमीन कळते का?

इथे एकाच शहरात नझूलची (शहरातल्या सरकारी जमिनीची) लीज आहे, नागपूर सुधार प्रन्यासचे लीजचे प्लॉट आहेत, गुंठेवारीतले आरएल लेटर (नियमितीकरणाचं पत्र) मिळालेले आणि न मिळालेले लेआउट आहेत, गृहनिर्माण संस्थेचे फ्लॅट आहेत. आणि अर्ध्या घरांची काटोल, नरखेड, उमरेडकडे शेती आहे. प्रत्येकाचा कागद वेगळा, नाव चढवणारं कार्यालयही वेगळं. नझूल आणि सिटी सर्व्हेच्या जागेला आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), प्रन्यासच्या प्लॉटला लीजडीड, लेआउटच्या प्लॉटला विक्रीपत्रासोबत आरएल आणि डिमांड नोट, शेतीला सातबारा आणि आठ-अ.

पहिल्या भेटीत वकिलानं ‘मालमत्ता कुठली?’ एवढंच विचारून फी सांगितली, तर उठा. ‘लीज कधी संपते, नूतनीकरण झालं का, हस्तांतराला परवानगीची अट आहे का, शेती भोगवटादार वर्ग १ की २, सातबाऱ्यावर आणखी किती नावं आहेत?’ असं विचारणारा माणूस हवा.

मसुद्यातलं मालमत्तेचं वर्णन वाचलं की वकील कळतो. ‘मानेवाडा येथील माझे राहते घर’ हे वर्णन नाही. मौजा, पटवारी हलका नंबर, खसरा नंबर, लेआउटचं नाव, प्लॉट नंबर, क्षेत्रफळ, बांधकाम, सिटी सर्व्हे आणि शीट नंबर, महापालिकेचा घर क्रमांक, चारही दिशांच्या चतुःसीमा आणि मालकी ज्या दस्तानं आली त्याचा क्रमांक व तारीख, एवढं लागतं. विक्रीपत्रात खसरा एक आणि आखीव पत्रिकेत प्लॉटचं क्षेत्र दुसरंच, हे नेहमीचं दुखणं आहे. ते आधी दुरुस्त करून घ्यायला सांगणारा वकील तुमचा वेळ खाईल, पण वारसांची वर्षं वाचवेल.

गोरेवाडा
दोन छोटे प्रश्न. नोंदणी सक्तीची आहे का? आणि किती किमतीच्या स्टॅम्प पेपरवर करायचं?

तिसरी_पायरी
नोंदणी सक्तीची नाही आणि स्टॅम्प पेपरही लागत नाही. नोंदणी कायदा १९०८ प्रमाणे मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे. मुद्रांक शुल्क लागत नाही, साधा कागद चालतो. महाराष्ट्रात नोंदणी फी १०० रुपये आहे, पानांप्रमाणे हाताळणी शुल्क वेगळं. म्हणून ‘स्टॅम्प ड्यूटीसाठी’ म्हणून कोणी हजारोंची रक्कम मागत असेल, तर तिथेच सावध व्हा.

तरीही नोंदणी कराच. मूळ हरवलं तरी प्रमाणित प्रत निघते. करणारा हयात असेपर्यंत ती प्रत त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच मिळते, इतरांना नाही, म्हणजे गुप्तताही राहते. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. लोकं तिथंच फसून राहिले.

आता महत्त्वाचं. नोंदणी झाली म्हणून मृत्युपत्र सिद्ध झालं असं होत नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५, कलम ६३: करणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदार. प्रत्येक साक्षीदारानं करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं असावं किंवा ‘ही माझी सही’ असं त्याच्या तोंडून ऐकलेलं असावं, आणि साक्षीदारानं स्वतःची सही करणाऱ्यासमोर केलेली असावी. पुढे वाद झाला तर किमान एका साक्षीदाराला कोर्टात येऊन हेच सांगावं लागतं.

गफलत होते ती निबंधक कार्यालयात. तिथे दस्त करणाऱ्याची ओळख पटवायला दोन ओळखदार सही करतात. ओळखदार म्हणजे साक्षीदार नव्हे. मसुद्याच्या शेवटी साक्षांकनाच्या जागा कोऱ्या आणि सह्या फक्त ओळखदारांच्या पानावर, असा कागद घेऊन वारस कोर्टात जातात आणि अडकतात. सहीच्या वर हा मजकूर आहे का बघा: ‘सदर मृत्युपत्र करणार यांनी आम्हा दोघांसमक्ष, संपूर्ण शुद्धीत, मजकूर समजून सही केली व आम्ही त्यांच्या समक्ष व त्यांच्या सांगण्यावरून साक्षीदार म्हणून सह्या केल्या.’ यातला एकही तुकडा सजावटीचा नाही.

महालचा_वाडा
साक्षीदार कोण घ्यायचे याबद्दल वकील काय सांगतो, ती चांगली परीक्षा आहे. ‘माझे दोन कारकून आहेत, करतील सह्या’ म्हणाला, तर विचार करा. पंधरा वर्षांनी ते कारकून कुठे शोधणार? करणाऱ्यापेक्षा वयानं लहान, तब्येतीनं धड, नागपुरातच राहणारे, घरच्यांना ओळखणारे आणि मालमत्तेत काही न मिळणारे असे दोघे घ्या. घरचा डॉक्टर आणि जुना शेजारी ही जोडी उत्तम.

ज्याला वाटा मिळतो तो साक्षीदार नकोच. ख्रिश्चन आणि पारशी यांच्या बाबतीत साक्षीदाराला किंवा त्याच्या पती-पत्नीला दिलेला वाटा कायद्यानंच रद्द होतो. हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना ते कलम लागू नाही, पण संशयाला जागा मिळते.

वकील स्वतः साक्षीदार झाला तर? चालतं. पण मग त्या मृत्युपत्रावरून दावा झाला की तो साक्षीदार ठरतो आणि बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे त्यानं ते प्रकरण वकील म्हणून घेऊ नये. पुढेही तोच वकील हवा असेल, तर त्याला साक्षीला घेऊ नका.

पूर्वा_ध
सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा: वकील कोणाचा?

बहुतेक घरांत थोरला मुलगा वकील शोधतो, फी देतो, आईवडिलांना गाडीत बसवून नेतो, शेजारी बसून ‘बाबांचं असं म्हणणं आहे’ सांगतो, आणि त्या कागदात मोठा वाटा त्यालाच असतो. सर्वोच्च न्यायालयानं १९५९ च्या व्यंकटचल अय्यंगार प्रकरणापासून सांगितलंय की ज्याला लाभ मिळतो त्यानंच मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला, तर ती संशयास्पद परिस्थिती ठरते आणि संशय दूर करण्याचं ओझं मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर येतं. मुलाचा हेतू स्वच्छ असला तरी कागद कमजोर होतो.

म्हणून चांगला वकील पहिल्या भेटीत बाकीच्यांना बाहेर बसायला सांगतो. करणाऱ्याशी पंधरा-वीस मिनिटं एकट्यानं बोलतो. त्याच्याच तोंडून वारस, मालमत्ता आणि कोणाला काय ते ऐकतो, टिपण करतो. याचा राग मानू नका. जो वकील सगळं मुलाशी फोनवर ठरवतो आणि वडिलांना फक्त सहीच्या दिवशी बघतो, तो टाळा.

भाषाही बघा. करणाऱ्याला इंग्रजी वाचता येत नसेल तर मृत्युपत्र मराठीतच हवं. इंग्रजी मृत्युपत्रावर मराठीतली थरथरती सही हा विरुद्ध बाजूच्या वकिलाचा पहिला प्रश्न असतो. वाचता येत नसेल किंवा नजर गेली असेल, तर ‘वाचून दाखवले, समजले, कबूल’ हा मजकूर आणि वाचणाऱ्याचं नाव हवं. डॉक्टरचं प्रमाणपत्र कायद्यानं सक्तीचं नाही, पण सत्तरीनंतर घ्याच, आणि सहीच्याच तारखेचं घ्या.

बर्डी_चौक
एवढी भानगड कशाला? बक्षीसपत्र करून टाकावं. २०० रुपयांत होतं.

सातबारा
बर्डी चौक भाऊ, हा सल्ला फार महागात पडतो म्हणून सविस्तर लिहितो.

महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेती पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मृत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, खरं. पण स्थानिक अधिभार वेगळा असतो, त्याचा हिशेब आधी काढून घ्या. दुकान या सवलतीत बसत नाही. भाऊ, पुतण्या, हयात मुलाची बायको त्या यादीत नाहीत.

खरा फरक पुढे आहे. मृत्युपत्र मरेपर्यंत कितीदाही बदलता येतं. बक्षीसपत्र नोंदलं की मालकी त्याच दिवशी गेली. नंतर मुलानं बघितलं नाही तर? ज्येष्ठ नागरिक कायदा २००७ च्या कलम २३ खाली उपविभागीय अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. पण सांभाळण्याच्या अटीवर दिलं होतं, हे दिसावं लागतं. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये अट असणं आवश्यक धरलं. जानेवारी २०२५ च्या उर्मिला दीक्षित प्रकरणात आईला मालमत्ता परत मिळाली, तिथे सांभाळाची अट लेखी होती. म्हणून बक्षीसपत्र करायचंच असेल तर सांभाळ, औषधपाणी आणि हयातीपर्यंत त्याच घरात राहण्याचा हक्क दस्तातच लिहून घ्या. वकिलानं ही अट स्वतःहून सुचवली नाही, तर तो तुमचं काम करत नाही, घेणाऱ्याचं करतो.

बर्डी_चौक
अटीचं माहीत नव्हतं. मग भेटीत वकिलाला नेमकं काय विचारावं, म्हणजे त्याचा अंदाज येईल?

तिसरी_पायरी
मी एक वाक्य देतो. ते त्याच्यासमोर ठेवा आणि यात काय चुकलं ते विचारा:

‘माझ्या पश्चात राहते घर माझ्या पत्नीच्या पूर्ण मालकीचे होईल व तिच्या पश्चात ते धाकट्या मुलास मिळेल.’

घराघरांतल्या मृत्युपत्रांत हे वाक्य असतं आणि भांडण इथेच पेटतं. पूर्ण मालकी दिली तर पत्नी घर विकू शकते, दुसऱ्याच्या नावानं मृत्युपत्र करू शकते. मग ‘तिच्या पश्चात’ला अर्थ काय? हेतू पत्नीच्या निवाऱ्याचा असेल तर ‘हयातीपर्यंत राहण्याचा व भाडे घेण्याचा हक्क, विकण्याचा वा गहाण ठेवण्याचा नाही, तिच्या पश्चात मालकी अमुक मुलाची’ असं लिहावं लागतं. जाणकार वकील इथे थांबत नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ च्या कलम १४ चा मुद्दा तो स्वतःच काढतो. पोटगीच्या आधीच्या हक्कापोटी पत्नीला दिलेला मर्यादित हक्क पूर्ण मालकीत बदलू शकतो. तो धोका कसा हाताळायचा ते त्याला सांगता आलं पाहिजे.

आणखी तीन विचारा. मुलगा माझ्याआधी गेला तर त्याचा वाटा कोणाला? मृत्युपत्रानंतर घेतलेल्या मालमत्तेचं काय? (उरलेल्या सगळ्या मालमत्तेबद्दलचं एक वाक्य नसेल, तर तेवढा भाग बिनमृत्युपत्राचा राहतो.) वडिलोपार्जित शेतीत माझा हिस्सा किती? या शेवटच्या प्रश्नावर ‘सगळी तुमच्याच नावावर आहे ना, द्या कोणालाही’ असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघा. ९ सप्टेंबर २००५ पासून मुली जन्मतः सहदायाद (वडिलोपार्जित मालमत्तेतल्या हिस्सेदार) आहेत, २०२० च्या विनीता शर्मा निकालानं त्यात शंका उरली नाही. सातबाऱ्यावर एकट्याचं नाव असलं तरी तेवढ्यानं पूर्ण जमीन त्याची ठरत नाही. मृत्युपत्र फक्त स्वतःच्या हिश्शाचं होतं.

महालचा_वाडा
नॉमिनीचाही प्रश्न विचारा. ‘बँकेत, डिमॅटला मुलाचं नॉमिनेशन आहे, ते मृत्युपत्रात नको’ असं सांगणारे वकील अजून आहेत. नॉमिनी रक्कम स्वीकारतो, त्यानं मालक ठरत नाही. शेअर्सबद्दलही सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये तेच सांगितलं. विम्याचं थोडं वेगळं आहे, तिथे आईवडील, पती-पत्नी, मुलं नॉमिनी असतील तर २०१५ च्या दुरुस्तीनंतर लाभ त्यांनाच मिळतो. म्हणून वकिलाला नॉमिनेशनची यादी द्या आणि मृत्युपत्र त्याच्याशी जुळवून घ्या.

गोरेवाडा
प्रोबेट लागेल का? एका ठिकाणी ‘प्रोबेटचं पॅकेज’ सांगतात.

अजनीकर
हिंदू माणसाचं मृत्युपत्र नागपुरात केलेलं आणि मालमत्ताही इथलीच, तर प्रोबेट सक्तीचं नाही. ती सक्ती आपल्या राज्यात मुंबई शहरापुरती होती. वाद असेल तेव्हा प्रोबेट उपयोगी पडतं, पण हयात माणसाच्या मृत्युपत्राच्या फीत प्रोबेटचं पॅकेज येतंच कसं? मृत्यूनंतर पटवारी, सिटी सर्व्हे, प्रन्यास, महापालिकेचा कर विभाग इथे नाव चढवण्याचं काम असतं, त्याची फी तेव्हाची तेव्हा. आणि फेरफार झाला म्हणजे मालकी ठरली असं नाही, ती महसुलाची नोंद आहे.

पूर्वा_ध
फीचं बोलू या, कारण लोक इथे संकोचतात.

एकरकमी आकडा न घेता तुकडे पाडून मागा: कागद तपासणी, मसुदा, किती दुरुस्त्या धरल्यात, नोंदणीच्या दिवशी हजेरी, सरकारी फी वेगळी. वहीच्या पानावर लिहून सही घेतली तरी चालेल. पैसे चेकनं किंवा यूपीआयनं द्या, पावती घ्या. व्यवसायासाठी नसलेल्या घरगुती कामावर वैयक्तिक वकिलाच्या किंवा वकिलांच्या भागीदारी फर्मच्या फीला जीएसटी लागत नाही, त्यामुळे बिलात तो दिसला तर विचारा.

‘मालमत्तेच्या दोन टक्के द्या’ किंवा ‘जिंकल्यावर हिस्सा’ हे मान्य करू नका. निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा मिळकतीत वाटा घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांची मनाई आहे.

मूळ कागद वकिलाकडे ठेवू नका. मूळ दाखवा, झेरॉक्स द्या. ठेवावेच लागले तर दस्त क्रमांकासह यादी करून पोच घ्या. फी बाकी आहे म्हणून पक्षकाराचे कागद अडवण्याचा हक्क वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००० साली स्पष्ट केलंय. तक्रार ग्राहक मंचात चालणार नाही, मे २०२४ च्या निकालानं ते दार बंद झालं. गैरवर्तनाची तक्रार अधिवक्ता कायदा १९६१ च्या कलम ३५ खाली राज्य बार कौन्सिलकडे जाते.

निंबाची_सावली
मूल नसलेल्या बाईंबद्दल कोणी लिहिलं नाही. हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली आणि मागे मुलं, नवरा नसतील, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तिच्या कमाईची मालमत्ताही आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिच्या आईवडिलांचा किंवा बहिणीचा नंबर नंतर. आईवडिलांकडून आलेली तेवढी माहेरी परतते. नोकरी करून फ्लॅट घेतलेल्या विधवांनी हे आजच बघावं. वकिलाकडे जाताना कोणती मालमत्ता कशातून आली ते लिहून न्या.

हे बौद्धांनाही लागू आहे. मुस्लिम कुटुंबांचं वेगळं: साधारण एक तृतीयांशापुरतंच मृत्युपत्र, आणि वारसालाच द्यायचं तर बाकी वारसांची संमती. त्यासाठी तो कायदा चालवणाराच वकील घ्या, नमुना बदलून देणारा नको.

पैशाची अडचण असेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००.

गोरेवाडा
शेवटचं विचारतो. अंथरुणाला खिळलेला माणूस असेल तर?

तिसरी_पायरी
दुय्यम निबंधकाला घरी बोलावता येतं, नोंदणी कायद्यात तरतूद आहे. कारणासह अर्ज, डॉक्टरचा दाखला, गृहभेटीची फी. वकिलानं ‘अंगठा इथेच घ्या, मी बघतो’ म्हटलं तर नकार द्या. पण तारीख मिळेपर्यंत थांबू नका. त्याच दिवशी दोन साक्षीदार आणि डॉक्टर बोलावून सह्या करून घ्या, कागद तेव्हाच वैध होतो. नोंदणी मागून केली तरी चालते, तिला मुदत नाही.

आणि मूळ प्रत एकट्याच्या नावाच्या लॉकरमध्ये ठेवू नका. मृत्यूनंतर लॉकर उघडायलाच हक्क सिद्ध करावा लागतो आणि हक्काचा कागद आत असतो. बंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकाकडे ठेव म्हणून देता येतं. नाहीतर घरात ठेवा आणि नोंदणीचा दस्त क्रमांक व तारीख विश्वासातल्या दोघांना लिहून द्या.